पैठणीवर चालवून दाखवा

"ताई, तुमचा हात बसला नसेल अजून." फोनवर मला हे ऐकवणाऱ्या पोराचं वय माझ्या शिलाई मशीनपेक्षा कमीच असणार. गंगाखेडला माझं दुकान आहे. लग्नाचे ब्लाऊज शिवून घ्यायला पालमहून, परळीहून बायका येतात. आणि याला माझा हात दिसला! पैसे अडकले त्याचं एवढं नाही, पण ते वाक्य अजून डोक्यात ठणकतंय. म्हणून लिहायला बसले. ज्यांचं पोट कात्रीवर आहे त्यांनी वाचावं, आणि त्या पोराच्या वाचनात आलं तर उत्तमच.

फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात परभणीला हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा ऊरूस भरतो. सगळा जिल्हा लोटतो, आम्हीही जातो. ऊरसाला मी काही नावं ठेवत नाही, तिथून घेतलेल्या कढया माझ्या घरात अजून चालतात. गेल्या वर्षी मात्र किसण्या-चाकूवाल्यांच्या रांगेत एकाने मोठा बोर्ड लावला होता: टेलर लोकांसाठी, एकात पाच कामं. मुठीत मावणारं बॅटरीचं कटिंग मशीन. पुढं आठ कोनांचं गोल पातं, त्याच्याखाली कापडाखालून सरकणारी चपटी जीभ, वर धार लावायचा छोटा दगड. डब्यात झिगझॅगचं वेगळं पातं, रेक्झिनचं वेगळं, कागदाचं वेगळं, शिवाय उसवणी. त्याने मांजरपाटाच्या आठ घड्या घातल्या आणि सर्रकन कापल्या. मग पुठ्ठा कापला. मग रेक्झिन. बायका माना डोलवायला लागल्या.

माझ्यासोबतची मैत्रीणही याच धंद्यातली. ती म्हणाली, "दादा, एखाद्या रेशमी कापडावर चालवून दाखवा की." त्यावर तो हसून म्हणाला, "ताई, जे आठ घड्या कापतं, ते एक पदर कापणार नाही का?" सगळे हसले. मैत्रीण गप्प बसली.

सगळी मेख त्या हसण्यात होती. जाड कापणं सोपं असतं हो! मांजरपाटाला खळ असते, त्याच्या आठ घड्या एकमेकींना धरून ताठ उभ्या राहतात, पात्यापुढून पळत नाहीत. क्रेप, जॉर्जेट, साटीन, पैठणी यांचा एकच पदर टेबलावर टाकून बघा. हात लावायच्या आधी घसरतो. पातं आणि खालची जीभ यांच्यात केसाएवढी फट असली तरी पातळ कापड कापलं न जाता त्या फटीत दुमडतं आणि ओढलं जातं. ही गोष्ट विकणाऱ्याला माहीत नसते असं मला कुणी सांगू नये. माहीत असते म्हणूनच त्याच्या टेबलावर मांजरपाट असतो.

दोन हजार आठशे रुपये मोबाइलवरून दिले. पावती मागितली तर त्याने कच्च्या कागदावर खरडून दिली. नाव, नंबर, सही, तारीख, बस्स.

घरी आल्यावर मी काही थेट गिऱ्हाइकाच्या कापडावर ते चालवलं नाही. आधी चिंध्यांवर, मग अस्तरावर, मग स्वतःच्या एका सुती ड्रेसवर चालवलं. सरळ कापायला झकास. परकराच्या कळ्या तर इतक्या भराभर निघाल्या की मीच त्या पोराला मनात दुवा दिला. मे महिन्यात लगीनसराईचा ढीग पडला. आमच्या पत्र्याच्या दुकानात दुपारी काय उकडतं ते परभणीकडच्या माणसाला सांगायला नको. बॅटरी मध्येच मान टाकायची, तेही मी चालवून घेतलं.

मग ती पैठणी आली. नवरीच्या आईने येवल्याहून आणलेली, ब्लाऊजपीस साडीसोबतच विणलेला, त्याला जरीचा काठ. म्हणजे कापड बिघडलं तर जोडीचं बाजारात मिळणार नाही. खडूने आखलं, माया ठेवली, बाहीसाठी काठ मोजला. दोन पदर घेऊन मुंढ्याच्या वळणावर मशीन लावलं आणि हातालाच कळलं की ते वळत नाहीये. गोल पात्याचा गोलावाच असा, की वरच्या पदराला ते पुढं लागतं आणि खालच्या पदराला मागं. सरळ रेषेत त्याने काही बिघडत नाही. वळणावर मात्र वरचा पदर एका रेषेत कापला जातो आणि खालचा दुसऱ्या. मी तिथंच थांबले. माया होती म्हणून मुंढा वाचला.

बाहीचा काठ मात्र तोडताना वाचवता आला नाही. जीभ काठाखाली सरकली, पातं फिरलं आणि जर फटीत अडकली. कापली गेली नाही, ओढली गेली. बटण सोडेपर्यंत काठावर बोटभर लांबीची आडवी रेघ उठली होती, दोन्ही बाजूंनी बारीक चुण्या, आणि सगळा काठ तिथं आकसलेला. सुईच्या टोकाने एकेक धागा मागं सारून पाहिला, जाड कापड ठेवून कोमट इस्त्रीही फिरवली. एकदा ताणलेली जर पुन्हा सरळ होत नाही, चमकत राहते आणि डोळ्यात भरते.

नवरीच्या आईला बोलावलं. साडीच्या आतल्या टोकाचा, कमरेला खोचला जातो तो भाग, त्यातून काठ काढायला त्यांनी परवानगी दिली. त्यातून बाह्या केल्या. ब्लाऊज सुरेख झाला आणि लग्नात कुणाच्या लक्षातही आलं नाही. मी शिलाई घेतली नाही. त्या चांगल्या बोलल्या, पण त्या घरचे बाकीचे ब्लाऊज दुसरीकडे गेले. जाणारच.

आता त्या फोनची गोष्ट. पावतीवरच्या नंबरवर पहिल्यांदा लावला तेव्हा "ताई, नमस्कार, कशा आहात" वगैरे. तक्रार सांगितली तर, "कापड ओलं होतं का?" पैठणी ओली करून कोण कापतं? मग, "पातं उलटं बसलं असेल." मी फोटो पाठवला. मग ते हात बसण्याचं वाक्य. मी म्हटलं, हात बसायला यंत्र कशाला, हात तर बसलेलाच आहे, तुम्ही पैसे परत करा. त्यावर त्याचा आवाजच बदलला. "डब्यावर वाचलं नाही का? घरगुती वापरासाठी आहे. तुम्ही धंद्यात वापरलं. वॉरंटी बाद." चष्मा लावून डबा पाहिला. खालच्या कडेला मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत तसं खरंच छापलेलं. बोर्डावर टेलर लोकांसाठी आणि डब्यावर घरगुती! वरून म्हणतो कसा, "आणि धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही कायद्याने ग्राहकसुद्धा नाही, कुठं जायचं तिथं जा."

इथं तो फसला. माझ्या भाच्याचं वकिलीचं शिक्षण चालू आहे, त्याने मला कायदा वाचून दाखवला. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जुलै २०२० पासून लागू झालेला. व्यापारी कारणासाठी माल घेणारा ग्राहक धरला जात नाही हे खरं, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी, स्वतः वापरायला घेतलेली वस्तू त्यातून वगळली आहे. मशीनवर स्वतः बसणारी शिंपीण ग्राहकच असते. हे पाठ करून ठेवा, कारण पुढचाही दुकानदार तुम्हाला हेच ऐकवणार आहे. आणखी एक, तक्रार करायला विकणाऱ्याच्या गावाला जावं लागत नाही. आपण जिथं राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगात ती करता येते, म्हणजे आमच्यासाठी परभणीला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. मुदत दोन वर्षं.

मी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तक्रारीचा नंबर मिळाला. पुरावा काय दिला ते ऐका. मोबाइलवरून दिलेल्या पैशांची नोंद. कच्ची पावती. आणि माझ्या मुलीचा ऊरसातला फोटो! ती आईस्क्रीम खात उभी आहे आणि मागं तो टेलर लोकांसाठीचा बोर्ड अक्षरन्‌अक्षर वाचता येतो. डब्याचेही चारही बाजूंनी फोटो काढले, कारण पॅकबंद वस्तूच्या २०११ च्या नियमांप्रमाणे त्यावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, कमाल किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठीचा संपर्क असावा लागतो. या डब्यावर किंमत होती, पण नाव-पत्ता नव्हता. हे सगळं त्याला नोटिशीत लिहून रजिस्टर पोस्टाने पाठवलं, त्यानंतर दादांचा सूर पुन्हा गोड. "ताई, आधी सांगायचं ना, मशीन पाठवून द्या." पैसे आले, वापरल्याचे म्हणून तीनशे कापून. पैठणीचं, शिलाईचं, गेलेल्या गिऱ्हाइकाचं एक अक्षर नाही. तीनशे रुपयांसाठी आणि त्या अपमानासाठी आयोगात जायला हवं होतं असं घरचे म्हणतात. लगीनसराईत दुकान बंद ठेवून कोण जाणार? माझं मशीन त्याने पुसून दुसऱ्या कुणाला विकलंही असेल.

आता घेणाऱ्यांसाठी. बिल घ्या, घाई करू नका, हे सगळे सांगतातच. मी वेगळं सांगते. आपल्याकडं येणारं सगळ्यात अवघड कापड कोणतं, त्याची चिंधी पर्समध्ये टाकूनच बाजारात जा. साटीन, क्रेप, जरीच्या काठाचा तुकडा. विकणाऱ्याला म्हणा, यावर एक पदर कापून दाखव, आणि सरळ नको, बशी ठेवून गोल आख आणि त्यावरून कापून दाखव. जो कुरकुर करेल त्याच्याकडून घेऊ नका. मोठ्या कारखान्यांतही एकच यंत्र सगळं कापत नाही. अमेरिकेतली ईस्टमन कंपनी १८८८ पासून उभ्या पात्याची कटिंग मशीनं बनवते, गोल पात्याची मशीनं सरळ लांब कापायला वापरतात, आणि बारीक वळणांसाठी पट्ट्याच्या पात्याचं यंत्र वेगळंच असतं. लाखो रुपयांच्या यंत्रांना जे जमत नाही ते ऊरसातल्या डब्याला कसं जमेल?

कात्री पारखायची असेल तर ती मिटून उजेडासमोर धरा. दोन्ही पात्यांच्या मध्ये बारीक फट दिसली पाहिजे आणि टोकं मात्र टेकलेली पाहिजेत. पाती किंचित बाकदार असतात, मिटताना एका वेळी एकाच जागी एकमेकांना भिडतात, म्हणून कापड दुमडत नाही. पूर्ण चिकटलेली पाती दिसली तर ती कात्री ठेवून द्या. मग पातळ कापड अगदी टोकाने कापून पाहा. बहुतेक स्वस्त कात्र्या टोकाला येऊन कापड चावतात.

माझ्याकडं सासऱ्यांची मेरठची कात्री आहे, पितळी मुठीची. मेरठचे कारागीर गाड्यांच्या जुन्या पोलादी भंगारातून पाती घडवतात आणि त्या कात्र्यांना २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळालं. सासरे ती नामदेव महाराजांच्या तसबिरीखाली ठेवायचे. महाराजांची नर्सी आता हिंगोली जिल्ह्यात गेली, पण १९९९ पर्यंत आमच्या परभणीतच होती, आणि जनाबाई तर गंगाखेडचीच, हे ते गिऱ्हाइकाचं माप घेता घेता सांगायचे. त्या कात्रीने कागद कापलेला त्यांना चालायचा नाही. मी कापला तर आजही बोलतील असं वाटतं.

धारवाला दारावर आला तर पाहून द्या. पात्याची आतली सपाट बाजू चाकावर घासली की कात्री कामातून गेली. धार बाहेरच्या उतरत्या कडेलाच लावायची असते. झिगझॅग कात्री तर त्याच्याकडं अजिबात देऊ नका, त्याच्या चाकावर तिचे दात निघून जातात. स्क्रूला मशीनचं तेल एक थेंब, आणि पुसून मगच कापडाला लावा. ब्लाऊजला आठ इंची पुरते, कोट-पँटवाल्यांना दहा इंची लागते. दोरे तोडायला वेगळी छोटी ठेवा.

बॅटरीचं मशीन घेऊच नका असं माझं म्हणणं नाही. आमच्या मागच्या गल्लीत एकजण दप्तरं शिवतो, त्याने असंच एक नांदेडहून पक्क्या बिलावर घेतलंय. दिवसभर रेक्झिनच्या सरळ पट्ट्या काढतो, त्याची काही कुरकुर नाही. त्याच्या बायकोचे ब्लाऊज मात्र माझ्याकडं येतात आणि ते मी सासऱ्यांच्या कात्रीनेच कापते.