दोन ग्लास पाणी आणि शिरवण्यातली मुलं

बीएच्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या मॅडमच्या बालविकासाच्या अभ्यासात मी वर्षभर मदतनीस होते. मुलं चार ते सहा वर्षांची, शिरवणे गावठाणातली आणि आजूबाजूच्या चाळींतली. यंदा जे विद्यार्थी या कामाला लागतील, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

१. सुरुवातीचे दोन महिने मूल समोर येतच नाही. संमतीपत्रांच्या झेरॉक्स, पालकांना फोन, खेळणी पुसणं, एक्सेलमध्ये आकडे भरणं. तरी मन लावून करा. जन्मतारीख चुकली की मुलाचं वय चुकतं, आणि मग पुढची सगळी तुलनाच चुकते.

२. तोच प्रश्न पुन्हा विचारताना जपा. पियाजेचा प्रयोग सगळ्यांनी वाचलेला असतो. दोन सारख्या ग्लासांत सारखं पाणी दाखवायचं, मग एकातलं उंच, निमुळत्या ग्लासात ओतायचं आणि विचारायचं, "आता कशात जास्त?" दोन वेण्या घातलेली एक पोर ओतण्याआधी ठामपणे "सारखंच" म्हणाली होती. ओतल्यावर मी पुन्हा विचारलं. तिने आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग हळूच उंच ग्लासाकडे बोट नेलं. नंतर ठोकळे मांडताना मी सहज म्हटलं, "मघाशी तो ग्लास का गं दाखवलास?" म्हणाली, "तू परत विचारलंस ना, म्हणून."

शाळेत बाईंनी पुन्हा विचारलं की आपलं उत्तर चुकलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मॅडमनी मला रोझ आणि ब्लँक यांचा १९७४चा अभ्यास वाचायला दिला. त्यांनी पाण्याऐवजी सोंगट्यांच्या ओळी वापरल्या आणि मांडणी बदलल्यानंतर एकदाच प्रश्न विचारला, तेव्हा मुलांच्या चुका कमी झाल्या. त्या दिवसापासून मी मुलाच्या उत्तराइतकंच माझ्या प्रश्नाकडे लक्ष देऊ लागले.

३. घरची बोली ऐका. इथल्या आगरी बोलीत 'ळ'चा 'ल' होतो. चित्र पाहून एक मुलगा "डोला" म्हणाला, आणि बाहेरून आलेल्या मदतनीस मैत्रिणीने 'उच्चार सदोष' अशी खूण केली. माझी आजीसुद्धा डोलाच म्हणते. आम्ही सगळे तक्ते पुन्हा तपासले.

४. दिसलं तेवढंच लिहा. 'चिडला' नको. 'पेन्सिल टाकली, तोंड भिंतीकडे केलं' असं लिहा.

५. मुलं जिथे रमतात तिथे जा. आमच्या खोलीत गप्प बसणारी मुलं अंगणवाडीत भरभरून बोलायची. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि शाळाच मुलांच्या अंगणात नेली. हे पाठ्यपुस्तकात वाचलं होतं, पटलं मात्र इथे.

६. "बाय, माझा पोर हुशार हाय ना?" असं आया विचारतात. आपण तपासनीस नाही, निदान करू नका. काळजी खरी वाटली तर आधी मॅडमना सांगा. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी व्हावी, अशी सोय राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आहे, हे आईला जरूर सांगा.

७. आईची सही झाली तरी मुलाचा होकार वेगळा घ्यावा लागतो. वेण्यांवाली ती पोर तिसऱ्या दिवशी दारातच "नको" म्हणाली. आम्ही ग्लास परत पिशवीत ठेवले. तिच्या पुढच्या तिन्ही रकान्यांत 'नकार' एवढंच लिहिलेलं आहे.