ॲमेझॉनचा रस्ता आणि लाखनीचा महामार्ग

प्रश्न : ॲमेझॉनमध्ये रस्ता झाला की जंगल संपतं, असं वाचलं. आमच्या लाखनीवरून तर कधीपासूनचा महामार्ग जातो, तरी नागझिऱ्याचं जंगल शाबूत आहे. हे कसं? (एक वाचक, लाखनी)

उत्तर : ब्राझीलच्या रोंदोनिया राज्यातला बीआर-३६४ रस्ता १९८४ मध्ये डांबरी झाला आणि जमीन शोधणाऱ्यांची रीघ लागली. मुख्य रस्त्याला काटकोनात फाटे फुटले. फाट्यांच्या कडेने आधी झाडं गेली, मग पिकं आली, शेवटी गुरांची कुरणं. उपग्रहाच्या छायाचित्रांत तिथं माशाचा काटा दिसतो. २०१४ च्या एका अभ्यासानुसार ब्राझीलच्या ॲमेझॉनमधली सुमारे ९५ टक्के तोड रस्त्यापासून साडेपाच किंवा नदीपासून एक किलोमीटरच्या आत झाली आहे. यात सरकारी नकाशावर नसलेले चोरटे रस्तेही आले.

आपल्याकडे गावं, धानाच्या बांध्या, तलाव हे सगळं महामार्गाच्या कितीतरी आधीचं. जंगलही वर्षावन नव्हे, साग-ऐन-तेंदूचं पानगळीचं. त्यामुळे रस्त्याने जंगल खाल्लं, असं इथं सरळ म्हणता येत नाही. पण 'शाबूत' हेही मला पटत नाही. नागझिरा आणि नवेगाव २०१३ मध्ये एकाच व्याघ्र प्रकल्पात आले खरे. मधून मात्र तुमच्या लाखनीवरचाच राष्ट्रीय महामार्ग ५३ (जुना ६) जातो. झाडं उभी आहेत, जनावरांची ये-जा अडते.

'जय' वाघ २०१३ मध्ये नागझिऱ्यातून उमरेड-कऱ्हांडल्याला पोचला. हा महामार्ग ओलांडल्याशिवाय ते शक्यच नव्हतं. सगळ्यांना असं जमत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात वाघाचा बछडा गाडीच्या धडकेनं मेला. त्याच वर्षी मे महिन्यात ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी नागझिऱ्यात आणून सोडाव्या लागल्या. त्या आल्या गाडीतून!

म्हणून उपायही वेगळा. ॲमेझॉनमध्ये नवा रस्ता न होऊ देणं हीच खरी राखण. आपला महामार्ग काही उठवता येणार नाही, तेव्हा प्रश्न जनावरांना जायला पुलाखाली ठेवायच्या मोकळ्या जागेचा. पेंचमध्ये महामार्ग ४४ वर अशा नऊ जागा ठेवल्या, त्यांतल्या सर्वांत लांब साडेसातशे मीटरच्या. वर गाड्यांचा उजेड-आवाज अडवायला भिंती केल्या. कॅमेऱ्यांत खालून जाणाऱ्या वन्यप्राण्यांच्या १८ जाती टिपल्या गेल्या, वाघांसकट. पाणी जायची मोरी बांधून तिलाच 'वन्यजीव मार्ग' म्हटलं, तर एवढी जनावरं तिथं फिरकणार नाहीत.