गुराब ते विनाशिका : लढाऊ जहाजांची मराठी

वर्गात एक छोटा प्रयोग करून पाहावा. अठराव्या शतकातील कोकण किनाऱ्याविषयीचा इंग्रजी उतारा विद्यार्थ्यांना भाषांतरासाठी द्यावा. त्यात आंग्र्यांच्या जहाजांसाठी ‘ग्रॅब’ आणि ‘गॅलिव्हॅट’ हे शब्द हमखास येतात. बहुतेक विद्यार्थी ते तसेच ठेवतील. एखादा चौकस विद्यार्थी इंग्रजी क्रियापदाचा अर्थ धरून पहिल्याचे ‘झडप घालणारे जहाज’ असेही करील. वास्तविक हे दोन शब्द म्हणजे आपलीच गुराब आणि आपलेच गलबत. घरातली वस्तू परक्याच्या हातून परत आली आणि आपण ती ओळखली नाही, असा हा प्रकार आहे.

गुराब हा मुळात अरबी शब्द. त्याचा अर्थ कावळा. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने केलेले वर्णन वाचले की हे नाव मनात ठसते. गुराबेला दोन डोलकाठ्या असत, क्वचित तीन. दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे दीडशे टनांपर्यंतची, तीनांची तीनशे टनांच्या आसपासची. लांबीच्या मानाने ती रुंद, तळ उथळ, आणि नाळ चोचीसारखी पुढे आलेली. या नाळेवरून समोर मारा करणाऱ्या दोन मोठ्या तोफा असत. गलबत त्याहून लहान, सहसा सत्तर टनांच्या आतले. त्याला चाळीस-पन्नास वल्ही असत. वारा पडला की गलबतेच गुराबांना ओढून नेत. उथळ खाड्यांत शिरायचे, वाऱ्यावाचूनही हलायचे आणि पळणाऱ्या जहाजाचा समोरून वेध घ्यायचा, ही या आरमाराची गरज होती. म्हणून दोन्ही शब्दांचे ‘जहाज’ असे एकच भाषांतर केले, तर वाचकाला ती लढाई कळतच नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. जहाजे गेली, शब्द मात्र कागदपत्रांत उरले.

या शब्दसंपदेची कुळे पाहण्यासारखी आहेत. आरमार पोर्तुगीजांकडून आले, सुकाणू आणि खलाशी अरबीतून, बंदर, दर्या आणि नाखवा फारसीतून. जहाज थांबवणारा नांगर फारसी ‘लंगर’चे रूप आहे, शेतातल्या नांगराशी त्याचे केवळ उच्चारसाम्य. शीड, वल्हे, डोलकाठी हे शब्द किनाऱ्यावरच्या माणसाच्या तोंडी आजही आहेत. परका शब्द घेण्याचा संकोच मराठीने केला नाही. पण घेतल्यावर त्याला आपले रूप आणि आपले लिंग दिले : ती गुराब, ते गलबत, तो मचवा.

आधुनिक जहाजांची नावे घडवतानाही मराठीची हीच ताकद दिसते. पाण्यात बुडी मारणारा माणूस तो पाणबुड्या, तशी बोट ती पाणबुडी. मालवाहू, भारवाहू यांच्या वळणावर विमानवाहू नौका झाली. विमान हा शब्द तर देवादिकांच्या वाहनाचा. तुकोबांच्या वैकुंठगमनाच्या कथेमुळे तो घरोघरी माहीत होता. म्हणून उडते यंत्र आले तेव्हा नाव शोधत बसावे लागले नाही. ‘विनाशिका’ मात्र इंग्रजी ‘डिस्ट्रॉयर’चे सरळ रूपांतर आहे. तरी नौकेच्या ओळीत बसावे म्हणून तेही स्त्रीलिंगी घडवले गेले. ‘विक्रांत नौदलात दाखल झाली’ असे आपण लिहितो, तेव्हा न उच्चारलेली ‘नौका’ क्रियापदाचे लिंग ठरवत असते. व्याकरणाच्या तासाला हे उदाहरण चांगले उपयोगी पडेल.

नेमक्या शब्दाचे महत्त्व गोव्याला वेगळे सांगायला नको. १८ डिसेंबर १९६१ रोजी मुरगाव बंदरात बेटवा आणि बिआस या भारतीय फ्रिगेटींनी ‘अफोंसो द अल्बुकर्क’ या पोर्तुगीज जहाजाला गाठले. लढाईत निकामी झालेले ते जहाज शेवटी त्याच्या खलाशांनी किनाऱ्याला रुतवले. तिन्हींना ‘युद्धनौका’ म्हणणे चूक नाही. पण पोर्तुगीज जहाज १९३४ साली पाण्यात उतरलेले आणि भारतीय फ्रिगेटी १९६० च्या सुमारास सेवेत आलेल्या, हा फरक त्या एका शब्दाखाली झाकला जातो. नौकेचा वर्ग आणि काळ सांगितला, तर निकालाचे एक कारणही वाचकाच्या हाती येते.

त्या लढाईनंतर एकसष्ट वर्षांनी, १८ डिसेंबर २०२२ रोजी, याच बंदराचे नाव असलेली विनाशिका मुंबईत नौदलात दाखल झाली. लांबी १६३ मीटर, वजन सुमारे ७४०० टन. पण तिचे नाव मराठीत लिहिताना मोरमुगाव, मोर्मुगाओ, मार्मागोवा अशी अनेक रूपे दिसतात. रोमन लिपीत लिहिलेल्या नावाचा प्रत्येकाने आपापल्या परीने केलेला हा उच्चार. गावाचे मराठी नाव मुरगाव, तालुकाही मुरगावच. गुराबेची ‘ग्रॅब’ झाली त्याच वाटेने मुरगाव आपल्याकडे परके होऊन परतते आहे.

नवा शब्द बाहेरून येतो, तो येऊ द्यावा. फ्रिगेट, रडार, टॉर्पेडो यांना ओढूनताणून प्रतिशब्द शोधण्याची गरज नाही. आरमार घेणाऱ्या भाषेला ते पचतील. मात्र परक्या लिपीतून आलेला शब्द उतरवून घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : हा मूळचा आपला तर नाही? शिक्षकांनी विद्यार्थ्यांना जवळच्या बंदरावर किंवा खाडीवर न्यावे आणि होडीच्या दहा भागांची नावे तेथील माणसांकडून लिहून आणायला सांगावे. ती वही कोणत्याही कोशाला पूरक ठरेल, आणि पुढच्या भाषांतरात गुराब गुराबच राहील.