ऊब दिसते, ओळख पटत नाही

मुंबईत आरेत किंवा मुलुंडच्या योगी हिलकडे बिबट्या दिसल्याची बातमी आली, की आठवडाभरात कोणीतरी फोन करून विचारतंच, "थर्मल स्कोप घ्यायचाय, कुठला घेऊ?" विचारणाऱ्यांनी परदेशातल्या रात्रीच्या शिकारीचे व्हिडिओ पाहिलेले असतात. काळ्या पडद्यावर पांढरं रानडुक्कर, त्यावर फुलीची खूण, आणि बार. आपल्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडचंही तसंच लख्ख दिसेल अशी त्यांची समजूत होते. मी सरळ सांगते, बंदुकीवर बसवायचा स्कोप घेऊ नका. घ्यायचंच असेल तर हातात धरायची थर्मल दुर्बीण घ्या, आणि तीही तिच्याकडून किती अपेक्षा ठेवायची हे समजून.

कायद्याचं आधी सांगते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर बंदी आहे आणि बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. या कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. पकडणं, फास लावणं, आमिष दाखवणं, हाकून नेणं हेही त्यातच येतं. म्हणून स्कोपमधून बिबट्या दिसला आणि दहा पोरं काठ्या घेऊन त्याच्यामागे धावली, तर बंदूक नसली तरी आपण निर्दोष, असं कोणी समजू नये. रात्री संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीजवळ रायफलीची दुर्बीण घेऊन फिरणाऱ्याला वनरक्षकानं थांबवलं, तर त्यात वनरक्षकाचं काहीच चुकत नाही.

लोकांची भीती मात्र खोटी नाही. डिसेंबर 2017 मध्ये अंधेरीच्या शेर-ए-पंजाब कॉलनीत बिबट्या शिरला, जानेवारी 2018 मध्ये मुलुंडच्या नानेपाड्यात त्यानं माणसं जखमी केली. 2021 मध्ये आरेत एकामागून एक हल्ले झाले आणि 2022 च्या ऐन दिवाळीत तिथंच एक तान्ही मुलगी गेली. असं ऐकल्यावर कोणत्याही आईबापाला अंधारात बघता यावंसं वाटणारच. प्रश्न इतकाच, की या उपकरणातून नेमकं काय दिसतं?

आरेला लागून असलेल्या एका सोसायटीत घडलेलं सांगते. कोणाच्या तरी नातेवाइकानं परदेशातून रायफलीचा थर्मल स्कोप आणला होता आणि मंडळी तो हातात धरून गच्चीवरून टेहळणी करत होती. बिबट्यांबद्दल सोसायट्यांमधून बोलायचं काम मी करते, म्हणून मलाही बोलावलं होतं. जूनचा पहिला पाऊस पडून गेलेला. अडीचशे मीटरवर ओढा आहे, त्याच्या काठानं एक पांढरी, बुटकी आकृती थांबत थांबत सरकत होती. पुढे वाकलेली, मध्येच स्थिर होणारी. "बिबट्या!" असं एक जण ओरडला आणि मुलं जिना उतरूनही गेली. मी स्कोप डोळ्याला लावला. मला त्यात ना बिबट्या ओळखू आला ना माणूस. स्कोप खाली घेऊन साध्या डोळ्यांनी पाहिलं, तर तिथं पाण्यावर बॅटरीचा एक बारीक पिवळा उजेड हलत होता. थर्मलमध्ये तो उजेड दिसतच नव्हता, कारण थर्मलला उजेड दिसत नाही, उष्णता दिसते. मी गच्चीवरून जीव तोडून ओरडले, पण खालून दगड गेलेले होते. ओढ्यात पाड्यावरचे एक आजोबा चिंबोऱ्या पकडत होते. एक दगड त्यांच्या खांद्याला लागला. आम्ही खाली पोचलो तेव्हा टोप कलंडलेला होता आणि चिंबोऱ्या चिखलातून वाट काढत होत्या. खांदा दाबून धरत ते एवढंच म्हणाले, "दगड कशाला मारता, बाय? आवाज द्यायचा ना."

त्या मुलांच्या हातात दगडांऐवजी बंदूक असती तर काय झालं असतं, याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. 2025 च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्यांच्या गोळीनं त्यांच्याच सोबत्याचा जीव घेतला. कोकणातूनही अशा बातम्या अधूनमधून येतात. माझा आक्षेप नुसत्या यंत्रावर नाही, ते बंदुकीला जोडण्यावर आहे. स्कोप रायफलीवर बसवला की समोर काय आहे ते बघण्यासाठीही नळी तिकडेच रोखावी लागते. ओळख पटायच्या आधी नेम धरला जातो. गावाकडे ज्यांच्याकडे शेती संरक्षणाच्या बंदुकीचा परवाना आहे आणि रानडुक्कर मारायची वनखात्याची रीतसर परवानगीही आहे, त्यांनाही मी हेच सांगते: शोधायची दुर्बीण हातात वेगळी ठेवा.

आता त्या पांढऱ्या आकृतीचं गणित. थर्मलचा सेन्सर म्हणजे उष्णता मोजणाऱ्या बारीक बिंदूंची जाळी: 256 गुणिले 192, 384 गुणिले 288 किंवा 640 गुणिले 512. आजच्या बऱ्याच सेन्सरांत एक बिंदू 12 मायक्रॉनचा असतो. भिंग 25 मिलिमीटरचं असेल तर 100 मीटरवर एक बिंदू सुमारे पाच सेंटीमीटर जागा व्यापतो आणि 250 मीटरवर बारा. बिबट्या खांद्याशी साधारण 60 सेंटीमीटर उंच असतो, म्हणजे 250 मीटरवर त्याच्या वाट्याला उभे पाच बिंदू आले. ओणवा माणूस सात-आठ. 1958 मध्ये जॉन जॉन्सन या अमेरिकी संशोधकानं मांडलेले निकष आजही वापरतात. त्यांच्या हिशेबानं काहीतरी आहे एवढं कळायला दोन बिंदू पुरतात, प्राणी की माणूस हे कळायला आठेक लागतात आणि नेमकं कोण हे सांगायला बारा-तेरा. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेलं अंतर पहिल्या पायरीचं असतं, तेही उभ्या माणसावरून काढलेलं. म्हणून दुकानदाराला "किती लांबचं दिसतं?" असं विचारू नका. "कुत्रा आणि बिबट्या यांतला फरक किती अंतरावर कळेल?" असं विचारा. झूमनं काहीही वाढत नाही, तेच बिंदू मोठे होतात.

कुत्र्याचा उल्लेख उगाच केला नाही. आपल्याकडे बिबट्याच्या खाण्यात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा आहे, त्यामुळे ज्या वाटेवर बिबट्या त्याच वाटेवर कुत्री. थर्मलमध्ये बिबट्याचे ठिपके उमटत नाहीत, कारण ठिपका आणि त्याच्या शेजारचे केस यांच्या तापमानात फरक नसल्यासारखाच असतो. ओळखायचं ते चालीवरून, लांब जड शेपटीवरून आणि पाठीच्या सपाट रेषेवरून. एका नजरेत हे साधत नाही. जनावर चालताना दोन-तीनदा बघावं लागतं.

उपनगरात राहणाऱ्यांनी एक गोष्ट पैसे टाकण्याआधीच ध्यानात घ्यावी. थर्मल काचेतून बघू शकत नाही. बंद स्लायडिंग खिडकीतून बघितलंत तर बाहेरच्या झाडीऐवजी काचेत तुमचीच अस्पष्ट छाया दिसेल. डासांच्या जाळीतूनही चित्र फिकं पडतं. पानांमागचं दिसत नाही, भिंतीमागचं तर मुळीच नाही. मुसळधार पावसात आणि दाट धुक्यात अंतर झपाट्यानं घटतं, कारण हवेतलं पाणीच उष्णता शोषतं. एप्रिल-मेमध्ये वेगळीच अडचण: दिवसभर तापलेला कातळ, डांबरी रस्ता आणि कंपाउंडची भिंत मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडत राहतात, आणि त्यांच्यापुढे जनावर वेगळं उठून दिसत नाही. पहाटे तीननंतर चित्र सुधारतं. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या रात्री सगळ्यात चांगल्या.

आरेत आणि उद्यानाच्या कडेला उघडी नजर क्वचितच शंभर मीटरच्या पुढे जाते, मग झाडी आडवी येते. त्यामुळे 50 मिलिमीटरचं महागडं भिंग इथं वाया जातं, शिवाय त्यातून समोरचा अगदी चिंचोळा पट्टाच दिसतो. 384 चा सेन्सर आणि 19 ते 25 मिलिमीटरचं भिंग पुरतं. 25 च्या भिंगातून 60 मीटरवरच्या बिबट्याला वीसेक बिंदू मिळतात, म्हणजे ओळख पटण्याइतकं चित्र हाती येतं. तापमानातला सूक्ष्म फरक टिपण्याची क्षमता मिलिकेल्विनमध्ये लिहिलेली असते. आपल्या दमट हवेसाठी ती 25 किंवा त्याहून कमी असलेली बघा, पैसे त्यावर घाला. चित्र सेकंदाला 9 वेळा बदलणारं यंत्र स्वस्तात मिळतं, पण त्यात चालतं जनावर अडखळत दिसतं आणि चालच तर ओळखायची असते. 50 नसेल तर निदान 25 तरी हवं. ही दुर्बीण एकट्यानं घेण्यापेक्षा दोन-तीन सोसायट्यांनी मिळून घ्यावी. आमच्या गटानं वर्गणी काढूनच घेतली. उरलेल्या पैशांत इन्फ्रारेड दिव्याची साधी डिजिटल नाइट व्हिजन घ्या. थर्मलनं जागा सापडते, नाइट व्हिजनमध्ये जवळच्या जनावराचे ठिपके आणि चमकणारे डोळे दिसतात. दोन्हींचं एकमत झाल्याशिवाय आम्ही "बिबट्या" हा शब्द उच्चारत नाही.

वापरताना पडद्याचा उजेड कमी ठेवा, नाहीतर डोळ्याला अंधाराची सवय व्हायला पुन्हा वीस-तीस मिनिटं जातात. दर पाच मिनिटांनी दुर्बीण खाली घेऊन उघड्या डोळ्यांनी बघा आणि कान द्या. भेकराचं भुंकणं, माकडांचा कालवा, कुत्र्यांचं अचानक गप्प होणं यांतून बरंच कळतं. आणि पाड्यांवरच्या माणसांशी आधी बोला. ही त्यांची वाट आहे. पहाटे दूध घालायला, पावसाळ्यात मासे-चिंबोऱ्यांना आणि संडासाची सोय नाही म्हणून ती बाहेर पडतात. आमच्या त्या सोसायटीत आता नियम आहे: काही दिसलं की आधी हाक मारायची.

नोव्हेंबर 2025 मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला वनखात्यानं थर्मल ड्रोननं बिबट्याचा माग काढला. आधी बेशुद्धीचा डार्ट मारला, तो चुकला, बिबट्या उसळला तेव्हा नेमबाजांनी गोळी घातली. या घटनेचा दाखला देऊन लोक मला सांगतात, बघा, थर्मल लागतोच. पण तिथं शासनाची परवानगी होती, प्रशिक्षित पथक होतं आणि त्याआधी गावात माणसं गेली होती. गच्चीवर जमलेल्या माणसांजवळ यातलं काहीच नसतं.

बिबट्या खरोखर दिसला तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. किती वाजता, कुठल्या इमारतीमागे, कोणत्या दिशेला गेला, सोबत पिल्लू होतं का, एवढं सांगा. व्हिडिओ त्यांना पाठवा, सोसायटीच्या ग्रुपवर नको. मुलांना आत घ्या, कंपाउंडचे दिवे लावा आणि त्याला जायला वाट मोकळी ठेवा.