थंडी, बिल आणि उमेद

प्रश्न : यजमानांचं काम सुटलंय, त्यात ही थंडी. खर्च कुठे आवरू आणि मन कसं सांभाळू?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : ताई, नागपूरची थंडी साधी नाहीच, २०१८च्या डिसेंबरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. आधी विजेचं बिल बघा. दोन हजार वॅटचा हीटर तासाला दोन युनिट खातो आणि महिन्याला १०० युनिटांपुढे दरही चढतो. म्हणून हीटर बंद, आंघोळ ऊन तापल्यावर, खिडक्यांच्या फटींत जुनी कापडं. मात्र बंद खोलीत शेगडी पेटवून मुळीच झोपू नका. तिच्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच जीव जातो.

जेवणात मात्र हात आखडू नका. सध्या तुरीच्या शेंगांचा हंगाम आहे. सोले, म्हणजे शेंगांतले ओले दाणे, तव्यावर भाजा, लसूण-मिरचीसोबत जाडसर वाटा, फोडणीत परतून आमटी करा. सोबत ज्वारीची भाकरी; घरभराचं पोट भरतं.

शेंगा सोलायला यजमानांनाही सकाळच्या उन्हात सोबत बसवा. हिशेबाची वही दोघांनी मिळून लिहा, त्यांना त्यातून वगळू नका. दोन आठवडे झोप-भूक उडालेली राहिली, तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर बोला. सेवा मोफत आहे, चोवीस तास.