हातावरचा दिवा
(शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी)

जयेंद्रगंजातील आमचा एक तरुण शिक्षक २६ जानेवारी २०२५ च्या रविवारी वर्ग सोडून अहमदाबादेस गेला. तेथील नरेंद्र मोदी स्टेडियमवर लंडनच्या कोल्डप्ले वाद्यवृंदाचे गायन होते. श्रोते लाखावर. मनगटामनगटावर दिव्याची पट्टी. दुरून इशारा येताच सारे मैदान एका रंगात उजळे. परत आल्यावर तो म्हणाला, "तेथे मला क्षणभरही एकटे वाटले नाही." निघताना मात्र पट्टी परत द्यायची होती.

मी रागावणार होतो, पण गप्प राहिलो. आपल्या वर्गात मुलांना असे कधी वाटते काय?

मत्तय ५:१४-१६ वाचा. हा दिवा दारात परत द्यायचा नाही. घरी न्यायचा आहे.

स्वतःस विचारा : गेल्या रविवारी कोणते मूल एकटे बसले होते?