पाच मिलिमीटरचा फरक : घरी बांधलेल्या सुपरचार्ज्ड गाडीतलं गणित आणि विज्ञान



आठवी-नववीच्या वर्गात 'व्यस्त प्रमाण' शिकवताना आपली ठरलेली उदाहरणं असतात. दहा मजूर आठ दिवसांत काम करतात, तर वीस मजूर किती दिवसांत? मुलं उत्तर काढतात, पण त्यांचे डोळे चमकत नाहीत. त्याच मुलांसमोर गाडीचा विषय काढा. शेवटच्या बाकावरचाही सरसावून बसतो. म्हणून आजच्या पाठासाठी एक वेगळं उदाहरण घेऊ : घरच्या गॅरेजमध्ये बांधलेली स्पोर्ट्स कार आणि तिच्या इंजिनावर बसवलेला सुपरचार्जर. पट्टी, कानस आणि शाळेतलं गणित एकाच टेबलावर येतात, असं हे काम आहे.

घरी गाडी बांधतात म्हणजे काय?

ब्रिटनमध्ये हा छंद जुना आहे. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीनं १९५७ मध्ये 'लोटस सेव्हन' ही छोटी, हलकी गाडी आणली. ती सुट्या भागांच्या स्वरूपातही मिळायची. तयार गाडीवर लागणारा खरेदी कर सुट्या भागांवर लागत नसे, म्हणून अनेकजण ती घरीच जोडत. १९७३ मध्ये या गाडीचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले आणि तिथं हीच परंपरा पुढं चालू राहिली. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांचं पुस्तक आलं. चौकोनी पोलादी नळ्यांची चौकट स्वतः वेल्डिंग करून, जुन्या गाडीचे भाग वापरून कमी खर्चात स्पोर्ट्स कार कशी बांधायची, हे त्यात दाखवलं होतं. या प्रकारच्या गाड्यांना 'लोकॉस्ट' म्हणतात.

अशी गाडी बांधली की लगेच रस्त्यावर आणता येत नाही. तिथं तिची स्वतंत्र सरकारी तपासणी होते. ब्रेक, दिवे, आवाज, स्टिअरिंग, इतकंच काय, अंगाला लागेल अशी धारदार कड कुठं राहिली आहे का, तेही पाहतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

सुपरचार्जर काय करतो?

इंजिन म्हणजे एका अर्थानं हवेचा पंप. १.६ लिटरचं चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत साधारण १.६ लिटर हवा ओढतं. मिनिटाला ६,००० फेरे झाले, तर ३,००० × १.६ = ४,८०० लिटर. जास्त ताकद हवी, तर जास्त पेट्रोल जाळावं लागेल आणि त्यासाठी जास्त हवा लागेल. एक भाग पेट्रोलला वजनानं सुमारे १४.७ भाग हवा लागते.

सुपरचार्जर ही जादा हवा कोंबतो. त्याचा एक जुना प्रकार म्हणजे रूट्स ब्लोअर. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये त्याचं पेटंट घेतलं, तेव्हा मोटारगाडी जन्मालाही आली नव्हती. आत दोन फिरते भाग एकमेकांना न भिडता फिरतात आणि हवा एका बाजूकडून दुसरीकडं ढकलतात. तो फिरतो इंजिनच्याच ताकदीवर, पट्टा आणि पुलीच्या साहाय्यानं. पुली आली की आपलं व्यस्त प्रमाण आलं!

पुलीचं गणित

ईटन कंपनीचा 'एम-४५' हा सुपरचार्जर घेऊ. पंचेचाळीस म्हणजे एका फेरीत ढकलल्या जाणाऱ्या हवेचे घन इंच, सुमारे ०.७४ लिटर. जुन्या सुपरचार्ज्ड मिनी कूपर एसच्या १.६ लिटर इंजिनावर हाच होता, त्यामुळे घरी गाडी बांधणाऱ्यांना तो जुन्या बाजारात मिळू शकतो.

समजा इंजिनची पुली १४० मिमी व्यासाची आणि सुपरचार्जरची ७० मिमी. म्हणजे गुणोत्तर २. इंजिन ६,००० फेरे घेतं तेव्हा सुपरचार्जर १२,००० घेईल. आता सुपरचार्जरची पुली फक्त ५ मिमीनं लहान करू, ६५ मिमी. १४० ÷ ६५ = २.१५. आता फेरे होतील सुमारे १२,९००. व्यास पाच मिलिमीटर कमी केला आणि मिनिटाला नऊशे फेरे वाढले!

मुलांना विचारा, मग ५० मिमीची का नाही बसवायची? उत्तर येईल १६,८०० फेरे. पण प्रत्येक सुपरचार्जरला उत्पादकानं घालून दिलेली कमाल गती असते. शिवाय पुली जितकी लहान, तितका पट्टा तिला कमी लांबीवर कवटाळतो आणि निसटू लागतो. गणितात उत्तर बरोबर असूनही ते यंत्रात चालत नाही, हे मुलांना इथं दिसतं.

दाब दीडपट, हवा मात्र दीडपट नाही

हा भाग विज्ञानाच्या शिक्षकांसाठी. सायकलच्या पंपानं हवा भरताना पंपाचं तोंड गरम होतं, हे प्रत्येक मुलानं अनुभवलेलं असतं. सुपरचार्जरमध्ये तेच होतं. बाहेरची हवा २७ अंश सेल्सिअस, म्हणजे ३०० केल्विन धरू. दाब दीडपट केला, तर आदर्श यंत्रात ती सुमारे ६४ अंशांवर जाईल. पण रूट्स ब्लोअर आदर्श नाही. कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर तापमान ९० अंशांच्या आसपास जातं, म्हणजे साधारण ३६२ केल्विन.

आता घनता काढा : १.५ × ३०० ÷ ३६२ = १.२४. दाब ५० टक्के वाढवला, पण हवा प्रत्यक्षात २४ टक्केच जास्त गेली! उरलेलं उष्णतेनं खाल्लं. हीच हवा इंटरकूलरमधून नेऊन ५० अंशांपर्यंत थंड केली, तर १.५ × ३०० ÷ ३२३ = १.३९. पुली न बदलता हवेचं प्रमाण २४ वरून ३९ टक्क्यांवर गेलं.

गरम हवेचा दुसरा धोका म्हणजे इंधन ठिणगीआधीच किंवा अवेळी पेटणं. इंजिनातून टकटक आवाज येतो. आणि हवा वाढवली पण पेट्रोल त्या प्रमाणात वाढवलं नाही, तर पिस्टन वितळू शकतो. म्हणून जाणकार माणूस सुपरचार्जर बसवण्याआधी इंधनपुरवठा आणि ठिणगीची वेळ पाहतो.

ब्रॅकेट : खरी परीक्षा इथं

सुपरचार्जर बाजारात मिळतो, इंजिन मिळतं. पण या इंजिनावर हा सुपरचार्जर बसवणारं ब्रॅकेट दुकानात मिळत नाही. ते स्वतः बनवावं लागतं. ते असं :

१. आधी पुठ्ठा. पुठ्ठ्याचा नमुना कापून जागेवर धरून पाहायचा. चुकला तर दुसरा पुठ्ठा, खर्च शून्य.

२. नमुना बसला की जाड पत्र्यावर आखणी. भोकाच्या जागी सेंटर पंचनं खूण, मग आधी बारीक ड्रिल, नंतर मोठं.

३. आठ मिमीचा बोल्ट आरपार जायचा असेल, तर भोक साधारण ८.४ ते ९ मिमी. पण त्याच बोल्टसाठी धातूत आटे पाडायचे असतील, तर ड्रिल ६.८ मिमी. का? आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी, ते आठातून वजा करा. साधी वजाबाकी!

४. कडा कानशीनं घासून गुळगुळीत करायच्या. खरखरीत कड राहिली तर कंपनानं तिथूनच तडा सुरू होतो.

५. शेवटी दोन्ही पुल्या एका प्रतलात आहेत का, हे सरळपट्टी लावून पाहायचं. २०० मिमी अंतरात १ मिमी फरक म्हणजे पाव अंशाहून थोडा जास्त कोन. डोळ्याला दिसतही नाही, पण पट्ट्याला जाणवतो. तो कडेनं झिजतो, आवाज करतो आणि कधीतरी उडतो.

उष्णताही विसरायची नाही. ३०० मिमी लांबीचं ॲल्युमिनिअम ७० अंशांनी तापलं, तर सुमारे ०.४८ मिमी वाढतं. पोलाद तेवढ्यातच ०.२५ मिमी वाढतं. ब्रॅकेट एका धातूचं आणि इंजिन दुसऱ्याचं असेल, तर हा फरक बोल्टांवर ताण देतो. 'उष्णतेनं पदार्थ प्रसरण पावतात' हे वाक्य आपण फळ्यावर लिहितो, ते इथं प्रत्यक्ष मोजता येतं.

ताकद म्हणजे सगळं नाही

१९३० च्या ल माँ शर्यतीत सुपरचार्जर लावलेल्या 'ब्लोअर' बेंटली उतरल्या होत्या. वेगवान होत्या, पण त्यातली एकही शर्यत पूर्ण करू शकली नाही. जिंकली ती सुपरचार्जर नसलेली बेंटली स्पीड सिक्स. २४ तासांच्या शर्यतीत टिकणं ही सुद्धा ताकदच आहे.

आपल्या मुलांशी काय बोलायचं?

पालकांनो, हा मुद्दा तुमच्यासाठी. आपल्या गावातही मुलं मोबाईलवर असे व्हिडिओ बघतात आणि मग गाडीचा सायलेन्सर बदलायला निघतात. त्यांना नुसतं "गप्प बस, अभ्यास कर" म्हणून भागत नाही. आपल्याकडं मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आहे. नोंदणी पुस्तकातल्या, उत्पादकानं ठरवलेल्या तपशिलात बसणार नाही असा बदल मालकाला मनानं करता येत नाही. हे स्पष्ट सांगा. त्याचं कारणही सांगा : ताकद वाढवली पण ब्रेक तेच राहिले, तर रस्त्यावरचा तिसराच माणूस त्याची किंमत मोजतो. ब्रिटनमधली ती तपासणी याच कारणासाठी आहे.

पण दार बंद करू नका, वाट दाखवा. 'फॉर्म्युला भारत', 'सुप्रा' आणि 'बाहा' या स्पर्धांसाठी विद्यार्थी स्वतः गाडी बांधतात आणि बंद मैदानावर, नियमांखाली चालवतात. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ त्यात उतरतात. आयटीआयच्या फिटर, टर्नर, वेल्डर या अभ्यासक्रमांत वरचं प्रत्येक काम शिकवलं जातं. "मार्क कमी पडले म्हणून आयटीआय" हे वाक्य मात्र मुलासमोर नको. ०.१ मिमीपर्यंत अचूक घासणारा हात हा हुशार हातच असतो.

वर्गात करून पाहा

• सायकलच्या पुढच्या आणि मागच्या चाकाचे दाते मोजा. पायडलच्या एका फेरीत मागचं चाक किती फिरतं, आधी गणितानं काढा, मग खडूची खूण करून मोजा.

• प्रत्येक गटाला दोन वेड्यावाकड्या वस्तू द्या. त्या जोडणारं पुठ्ठ्याचं ब्रॅकेट बनवायला सांगा. अट एकच : आधी मोजायचं, मग कापायचं.

• इंजिनची पुली १५० मिमी, सुपरचार्जरची ६० मिमी. इंजिन ५,००० फेरे घेत असताना सुपरचार्जर किती घेईल? (उत्तर : १२,५००)

पुठ्ठ्याचं ब्रॅकेट पहिल्यांदा बसणार नाही. बसू नयेच. ते कुठं अडलं, किती मिलिमीटर अडलं, हे मूल स्वतः मोजून सांगेल, तेव्हा त्या तासाचं काम झालं असं समजा.